नवं शीड मागवण्याआधी उभारलेल्या शिडाचे फोटो पाठवा

आम्ही बोटींची शिडं शिवतो आणि दुरुस्त करतो. पावसाळा संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या, की आमच्याकडे एकसारखे निरोप सुरू होतात. ‘बोट वाऱ्यावर चढत नाही (वारा येतो त्या दिशेकडे सरकत नाही), मेनसेल (मुख्य शीड) संपलंय, नवं किती दिवसांत देता?’ सोबत फोटो असतो तो गच्चीवर पसरलेल्या शिडाचा. या फोटोवरून आम्हाला कापडाचा मळकेपणा आणि एखादं फाटलेलं टोक दिसतं. फुगवटा कुठे आहे, मागची कड उघडते की आत वळते, हे शिडात वारा भरल्याशिवाय कळत नाही. मग पुन्हा फोटो मागायचे, तुम्ही पुढच्या रविवारी बोटीवर जाणार, त्या दिवशी वारा पडलेला, असे दोन-तीन आठवडे सहज जातात. हंगामाच्या सुरुवातीचे हेच आठवडे सगळ्यात चांगले असतात.

म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे. उभारलेल्या शिडाचे फोटो पाहिल्याशिवाय आम्ही नव्या शिडाची ऑर्डर घेत नाही. काही ग्राहकांना ही आडकाठी वाटते. पण या फोटोंमुळे कितीतरी जणांचा नव्या शिडाचा खर्च टळला आहे, आणि ज्यांना खरोखरच नवं शीड लागलं त्यांना ते आपल्या डोलकाठीच्या वाकाला जुळणारं मिळालं.

फोटो असा काढा. दुपारी खारा वारा स्थिरावून आठ ते बारा नॉट (ताशी सागरी मैल) झाला, की बोट जवळच्या वाऱ्यावर, म्हणजे क्लोज हॉल्ड (वाऱ्याच्या दिशेला जमेल तितकी जवळ) घ्या आणि शिडं नेहमीसारखी ट्रिम करा, म्हणजे दोऱ्या ओढून-सोडून नीट बसवा. बूमच्या (मुख्य शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीच्या) मध्याखाली बसून कॅमेरा सरळ वर धरा. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सगळं शीड चौकटीत आलं पाहिजे. जिबचाही (पुढच्या शिडाचाही) तसाच फोटो घ्या. हे दोन्ही फोटो दोन्ही टॅकवर, म्हणजे एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून वारा घेताना हवेत. एकाच बाजूचे पाठवले तर अर्धी माहिती आमच्यापासून लपलेली राहते. फुगवटा मोजायच्या गडद आडव्या पट्ट्या शिडावर नसतील, तर दुरुस्तीला आलेल्या शिडाला त्या आम्ही वेगळे पैसे न घेता लावून देतो.

दोन्ही टॅक मागण्यामागे मुंबई बंदराचं खास कारण आहे. ‘एका टॅकवर बोट चढते, दुसऱ्यावर नाही, शीड वाकडं शिवलंय’ ही तक्रार आम्ही फार ऐकतो. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो आणि मधल्या तासांत पाणी दीड-दोन नॉटने सहज वाहतं. तुमची बोट पाच नॉटने चालत असेल, तर आडव्या प्रवाहात मोबाइलवरची जीपीएस रेघ एका टॅकवर सुरेख आणि दुसऱ्यावर दयनीय दिसणारच. ती रेघ जमिनीवरची आहे, शीड मात्र वाऱ्यावर चालतं. तेव्हा होकायंत्र बघा. एका टॅकवरून दुसऱ्यावर जाताना बोटीचा रोख किती अंशांनी बदलतो ते लिहून ठेवा, आणि तुलना करायची तर भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी थांबलेलं असताना करा.

पाणी थांबलेलं असतानाही फरक उरला, तर शिडाआधी डोलकाठी तपासा. मेन हॅलियार्डला (मुख्य शीड वर चढवायच्या दोरीला) मोजपट्टी बांधून वर चढवा आणि दोन्ही बाजूंना डेकच्या कडेवरच्या समोरासमोरच्या बिंदूंपर्यंतचं अंतर मोजा. सेंटीमीटरभराहून जास्त तफावत असेल तर श्राउड (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा) जुळवून घ्यावे लागतील. मूरिंगवर (बोट बांधून ठेवायच्या जागी) बोट शांत असताना तासाभरात होणारं हे काम आहे, आणि त्यासाठी नवं शीड लागत नाही.

आता सगळ्यात जास्त वेग खाणारी सवय: मेनशीट (मुख्य शीड आत ओढायची दोरी) करकचून ओढून ठेवणं. बोट चढावी म्हणून हात आपोआप ओढतो, मागची कड बंद होते, बोट मंदावते, आणि वेग गेला की किलवरून (बोटीच्या तळाच्या पात्यावरून) पाणी नीट वाहत नाही, त्यामुळे बोट बाजूला घसरू लागते. सगळ्यात वरची बॅटन (शिडात बसवलेली पट्टी) साधारण बूमला समांतर ठेवा. तिच्या टोकाची टेलटेल (वारा दाखवणारी बारीक फीत) अधूनमधून शिडामागे लपली तर चालेल, पण कायमची लपली असेल तर शीट थोडी सोडा. पाच-सहा नॉटच्या हलक्या वाऱ्यात तर आधी वेग घ्या, मग चढा. जिबच्या बाबतीत, हळूहळू वाऱ्याकडे वळताना पुढच्या कडेला वरचा भाग आधी फडफडला तर लीड (जिबची शीट जिच्यातून जाते ती सरकती पुली) पुढे सरकवा, खालचा आधी फडफडला तर मागे.

एवढं करूनही शीड फुगून मागे जातंय असं वाटलं, तर हॅलियार्डवर संशय घ्या. जुनी पॉलिएस्टर दोरी प्रत्येक झोतात ताणते, पुढची कड सैल पडते आणि त्या कडेपासून आडव्या सुरकुत्या निघतात. जे/24 सारख्या शर्यतीच्या लहान बोटीवर, जिथे बॅकस्टे (डोलकाठीला मागून धरणारी तार) ओढून शीड सपाट करायचं असतं, तिथे हॅलियार्ड सरकत असेल तर त्या मेहनतीचा निम्मा फायदा जातो. डायनीमा (फारच कमी ताणणारा मजबूत धागा) गाभ्याची, वर पॉलिएस्टर वेष्टन असलेली दोरी घ्या. ती नव्या शिडापेक्षा खूपच स्वस्त पडते आणि आमच्याकडे मापाने कापून, टोकाला डोळा विणून मिळते. शीटसाठी मात्र साधी पॉलिएस्टरच बरी. ती हातात नीट बसते, आणि तिथे थोडा ताण असला तरी बिघडत नाही.

शॅकल (जोडायच्या कड्या) आणि तारा 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, विक्रेता कोणीही असो. साधं 304 आपल्या खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं, आणि लोहचुंबकाच्या चाचणीवरून दोघांतला फरक खात्रीने ओळखता येत नाही. तारेचं टोक जिथे फिटिंगमध्ये शिरतं तिथे गंजाची रेघ किंवा तुटलेला एखादा धागा दिसला, तर ती तार बदलायचीच. अंगावरच्या जॅकेटचाही विचार करा. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असते तिथल्यासाठी आहे. बंदरापलीकडच्या मांडव्याकडे जाणार असाल तर 150 न्यूटनचं घ्या.

शिडाचं कापड संपण्याआधी बहुतेक वेळा शिलाई संपते. आपल्या उन्हात धागा आधी कुजतो. मागच्या कडेची शिवण अंगठ्याच्या नखाने खरवडून बघा. धागा तुटला तर सगळं शीड पुन्हा शिवून घेण्याजोगं आहे, टाकून देण्याजोगं नाही. हे काम मे अखेर, बोटी पाण्याबाहेर निघाल्या निघाल्या द्या. तेव्हा टेबल मोकळं असतं आणि घाई नसते. ऑक्टोबरमध्ये दिलेलं शीड रांगेत थांबतं, आणि ती रांग आम्ही कोणासाठी मोडत नाही.

देण्याआधी शीड गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. सोबत चिठ्ठीवर बोटीचा प्रकार, शिडाचं साधारण वय आणि कुठल्या वाऱ्यात काय त्रास होतो ते लिहा. उभारलेल्या शिडाचे फोटो पाहून आम्ही दुरुस्ती, दोरी की नवं शीड हे कळवतो, आणि त्या सल्ल्याचे पैसे घेत नाही.