डिफॉल्ट चुकीचं, तरी कंपाइलर गप्प

नागपूरच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ‘कंपाइल झालं ना, मग बरोबर आहे’ हे हमखास ऐकू येतं. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेत हा भ्रम मोडायला एक ओळ पुरते.

कळमना मार्केटमधल्या संत्र्यांचं बिल काढणारं फंक्शन घ्या. पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला द्यायच्या किमती, दोन : वजन आणि दर, दोन्ही डबल, म्हणजे दशांश संख्या. दर दिला नाही तर ४० धरायचा, ही डिफॉल्ट किंमत. आता ४० ऐवजी चुकून अवतरणचिन्हांत "चाळीस" लिहिलं, तर कंपाइलर (कोड यंत्राच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) त्याच ओळीवर अडतो. पण डबल काढून ‘कोणताही प्रकार टी’ असं टेम्प्लेट, म्हणजे वापरताना प्रकार ठरणारा साचा, केलं, की तोच कंपाइलर चकार शब्द काढत नाही! २०.० आणि ४५.० देऊन कॉल करा, म्हणजे फंक्शन वापरा, बिल बरोब्बर ९००. दर न देता पहिला कॉल कुणी लिहील, तेव्हाच एरर येणार.

कारण डिफॉल्ट किंमत फंक्शनच्या आत राहतच नाही. कॉल जिथे असेल तिथल्या रिकाम्या जागी कंपाइलर ती भरतो. म्हणून हेडरमध्ये (फंक्शनची घोषणा असलेल्या फाइलमध्ये) ४० चे ४२ केले आणि एखादी ऑब्जेक्ट फाइल (आधी कंपाइल झालेला तुकडा) जुनीच राहिली, तर ती ४० नेच बिल काढत राहते. हे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला पत्ताही लागत नाही. ‘दर = वजन’ असं डिफॉल्टही म्हणूनच चालत नाही : कॉलच्या जागी कोणतं आर्ग्युमेंट (कॉलमध्ये दिलेली किंमत) आधी मोजायचं, हा क्रम भाषेनं ठरवलेलाच नाही.

टेम्प्लेटची तपासणी दोन टप्प्यांत होते. टीवर अवलंबून नसलेली नावं व्याख्येपाशीच शोधली जातात. डिफॉल्टमध्ये कुठेच जाहीर न केलेलं नाव लिहिलंत तर जीसीसी आणि क्लँग हे कंपाइलर तिथेच पकडतात. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सीप्लसप्लस हा पहिला टप्पा वर्षानुवर्षं पाळत नव्हता. व्हिज्युअल स्टुडिओ २०१७ च्या १५.३ आवृत्तीत ‘परमिसिव्ह-’ या पर्यायासोबत तो आला. "चाळीस" मात्र टीमध्ये बसतं का, हे टी कळल्याशिवाय सांगता येत नाही. टी स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असेल तर ते वैधच! त्यामुळे स्टँडर्डनुसार, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांनुसार, कॉलला गरज पडेल तेव्हाच डिफॉल्ट तपासलं जातं. अशा वेळी कंपाइलर रिइन्स्टॉल करत बसणं म्हणजे मॉनिटरला लिंबू-मिरची बांधणं. आणि ‘शून्य एरर’ची जाहिरात करणाऱ्या कोड लिहून देणाऱ्या एआयचा कोडही याच फटीतून सुटतो.

एक्सप्लिसिट इन्स्टॅन्शिएशन केलं, म्हणजे ठरावीक प्रकारासाठी टेम्प्लेटमधून फंक्शन मुद्दाम बनवून घेतलं, की सगळं तपासलं जातं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फंक्शनचा देह तपासला जातो, डिफॉल्टला हात लागत नाही. वापरात येणाऱ्या प्रत्येक प्रकारासाठी टेस्ट फाइलमध्ये डिफॉल्ट असलेलं आर्ग्युमेंट गाळून एकेक खरा कॉल लिहावा लागतो. डिफॉल्ट दोन असतील तर दोन्ही गाळलेला एक कॉल पुरतो. जीसीसीच्या एररमध्ये कॉलची ओळही दिसते. दुरुस्ती मात्र टेम्प्लेटमधल्या डिफॉल्टच्या ओळीत करायची.