छापली किती, उरली किती: संग्राहकांच्या कार्डांमागचा इतिहास

सोलापुरात माळा आवरताना पोकेमॉनच्या कार्डांचा गठ्ठा हाती लागला की हल्ली पहिला प्रश्न एकच असतो: याचे किती येतील? बातम्यांतले आकडेच तसे असतात. ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. मग गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या चारिझार्ड या पोकेमॉनच्या कार्डाचे निदान लाखभर यावेत, असं वाटणारच. बहुतेक वेळा येत नाहीत. का, ते कळायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे, तंबाखूच्या धंद्यात जावं लागतं.

तंबाखूचा धंदा सोलापूरला नवा नाही. विडीच्या कट्ट्याचं कागदी लेबल कट्टा सोडतानाच फाटतं, त्यामुळे ते जपून ठेवायचा प्रश्नच येत नाही. सिगारेटचं तसं नव्हतं. 1870 च्या दशकात अमेरिकेत सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत आणि खिशात चेंगरत. त्यांना ताठपणा यावा म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालू लागले. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर चित्र छापलं. रिचमंडची ॲलन अँड गिंटर ही यातली आघाडीची कंपनी. कार्ड पाकिटातून अख्खं बाहेर येई आणि ‘50 पैकी एक’ अशा संचातलं असे. संच पुरा करायचा तर पुन्हा तीच सिगारेट घ्यायची. पुढच्या प्रत्येक कार्ड कंपनीनं हीच युक्ती वापरली.

इंग्लंडमध्ये विल्सनं 1896 मध्ये 50 क्रिकेटपटूंचा संच काढला. त्यात डब्ल्यू. जी. ग्रेस होते, तसेच आपले रणजितसिंहजीही. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली आणि ही कार्डं थांबली. सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर 1952 मध्ये इंग्लंड दौऱ्यावर गेले, तोवर विल्सच्या पाकिटातून क्रिकेटपटू निघणं बंद होऊन दहा-बारा वर्षं झाली होती.

‘दुर्मिळ कार्ड’ म्हटलं की जगभर पहिलं नाव निघतं होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं. अमेरिकन टोबॅको कंपनीनं 1909 ते 1911 या काळात बेसबॉलपटूंचा पाचशेहून जास्त कार्डांचा संच काढला. वॅग्नरनं हरकत घेतली आणि त्याचं कार्ड लवकरच थांबवण्यात आलं. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्यानं नकार दिला असं एक मत, मोबदल्यावरून बिनसलं असं दुसरं. आज त्याच्या साठेक प्रती माहीत आहेत. या संचाला संग्राहक ‘टी-206’ म्हणतात. हे नाव कंपनीचं नव्हे, जेफरसन बर्डिक या संग्राहकाचं. त्याच्या सूचीत ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं. सांधेदुखीनं जखडलेल्या या माणसानं तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील चिठ्ठ्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमला दिल्या आणि स्वतःच्या हातानं वह्यांत चिकटवल्या. आजचा संग्राहक गोंदाचं नाव काढलं तरी दचकेल.

युद्धानंतर कार्ड तंबाखूकडून च्युइंगमकडे आलं. टॉप्स कंपनीचा 1952 चा संच 407 कार्डांचा होता आणि टप्प्याटप्प्यानं बाजारात आला. 311 ते 407 क्रमांकांचा शेवटचा टप्पा निघाला तेव्हा हंगाम सरत आला होता. दुकानदारांनी माल उचलला नाही, पेट्या गोदामात पडून राहिल्या. 1960 च्या सुमारास टॉप्सच्या साय बर्गर यांनी तो साठा पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात लोटून दिला. मँटलचं कार्ड क्रमांक 311, म्हणजे याच टप्प्यातलं. गंमत अशी की त्या टप्प्याच्या छपाईत मँटलचं कार्ड इतरांच्या दुप्पट छापलं गेलं होतं. म्हणजे त्याच्याच टप्प्यातली बरीचशी कार्डं त्याच्याहून कमी छापलेली आहेत, पण त्यांना गिऱ्हाईक तेवढं नाही. नुसती टंचाई पुरत नाही, मागणारेही लागतात.

1980 च्या दशकात या किमतींची चर्चा घरोघर पोचली. लोक कार्डं जपून ठेवू लागले आणि कंपन्यांनी छापखाने सैल सोडले. साधारण 1987 ते 1994 मधली अमेरिकी कार्डं आजही पेट्याच्या पेट्या मिळतात, कारण ती कोणी फेकलीच नाहीत.

खेळायच्या कार्डांचा हिशोब वेगळा. रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा कार्डांचा खेळ ऑगस्ट 1993 मध्ये बाजारात आला. पहिल्या, ‘अल्फा’ छपाईत प्रत्येक दुर्मिळ कार्डाच्या सुमारे 1,100 प्रती होत्या. मुलं ती पिशवीत न घालताच पिसत आणि टेबलावर आपटत, त्यामुळे ‘ब्लॅक लोटस’ या त्यातल्या दुर्मिळ कार्डाच्या न झिजलेल्या प्रती फार थोड्या उरल्या. 1995 मध्ये कंपनीनं जुनी कार्डं पुन्हा छापल्यावर संग्राहक भडकले. तेव्हा, 1996 मध्ये, कधीच पुन्हा छापणार नाही अशा कार्डांची यादी तिला जाहीर करावी लागली. ती यादी आजही पाळली जाते.

पोकेमॉनची कार्डं ऑक्टोबर 1996 मध्ये जपानात आली, इंग्रजी संच जानेवारी 1999 मध्ये. पहिल्या इंग्रजी संचात 102 कार्डं असून चारिझार्ड चौथं आहे. एकाच चित्राच्या तीन मुख्य छपाया झाल्या. पहिलीत चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्याशी ‘1’ आकड्याचा काळा शिक्का. दुसरीत शिक्का नाही, आणि पहिलीप्रमाणेच चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावलीही नाही. तिसरीत सावली आहे. तळाच्या हक्कांच्या (कॉपीराइटच्या) ओळीत पहिल्या दोन छपायांना 1995, 96, 98, 99 अशी सालं आहेत, तिसरीत 98 नंतर लगेच 99 येत नाही. भारतात अस्सल कार्ड सापडलंच तर ते बहुधा तिसऱ्या किंवा त्यानंतरच्या छपाईचं असतं. शिक्क्याच्या चारिझार्डची एक निर्दोष प्रत 2022 मध्ये 4 लाख 20 हजार डॉलरला गेली. सावलीवाल्याची तुलना तिच्याशी करू नये. ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ हे कार्ड तर पाकिटात कधी नव्हतंच. ते 1997-98 मधल्या चित्रस्पर्धांचं बक्षीस होतं आणि विजेत्यांना 39 प्रती दिल्या गेल्या.

इथवरची टंचाई बहुतांशी अपघाती. पुढे कंपन्या ती ठरवून तयार करू लागल्या: कार्डावर ‘10 पैकी 3’ असा क्रमांक, खेळाडूच्या जर्सीचा तुकडा, एकुलती एक प्रत. याला दुर्मिळ म्हणावं की नुसतं महाग, यावर संग्राहकांचं एकमत नाही.

किमती वाढल्या तशी लबाडीही आली. पीएसए ही कार्डांना 1 ते 10 गुण देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद करणारी कंपनी 1991 मध्ये सुरू झाली. तिनं गुण दिलेलं पहिलं कार्ड वॅग्नरचंच, गुण 8. त्याच्या कडा कापून धारदार केल्या होत्या, हे त्या कार्डाचा जुना विक्रेता बिल मास्ट्रो यानं 2013 मध्ये न्यायालयात कबूल केलं. तरी ते कार्ड आजही मौल्यवान मानलं जातं. गुण चार गोष्टींवर ठरतात: चित्र मधोमध आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. केसाएवढा ओरखडाही दहाचा नऊ करतो, आणि किंमत कित्येक पट खाली येते.

आता सोलापूरचं कपाट. जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्यात आणि शाळेजवळच्या दुकानांत जे मिळालं, त्यातले डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड ही 1990 च्या दशकातली आठवण. उंची, वजन, छाती, दंड आणि लढतींच्या आकड्यांवर डाव चाले. त्यांना हौशी गिऱ्हाईक आहे, पण तेही पूर्ण संचाला, सुट्ट्या पत्त्यांना नाही. 2003 मध्ये पोकेमॉन टीव्हीवर आल्यावर पाच-दहा रुपयांच्या पुड्यांतली कार्डं आली. ती जवळपास सगळी नकली.

ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. अस्सल कार्ड 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर उंच असतं. त्याच संचातलं खात्रीचं एक साधं कार्ड शेजारी ठेवून मागून टॉर्च मारावा. नकली पत्ता पातळ असल्यानं उजेड आरपार जास्त येतो. इंग्रजी ‘पोकेमॉन’मधल्या ‘ई’वरची तिरकी रेघ नकलीत अनेकदा गायब असते आणि मागचा निळा रंग फिका किंवा जांभळट असतो. घड्याळजीच्या भिंगातून पाहिलं तर अस्सल छपाईत रंगांचे बारीक ठिपके नीट बसलेले दिसतात आणि काळी अक्षरं सलग असतात. नकलीत अक्षरंही ठिपक्यांचीच. 1999 च्या चकाकत्या कार्डात चकाकी फक्त चित्राच्या चौकटीत असते. सगळंच सोनेरी असेल तर पुढे तपासायची गरज नाही.

अस्सल निघालं तर पुढचा शत्रू हवा. चकाकत्या कार्डात समोर धातूचा पातळ पापुद्रा आणि मागे कागद असतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार गेला की कोरड्या हवेत कागद आकसतो आणि कार्डाचं पोट पुढे येतं. पावसाळ्यात कागद ओल पितो, फुगतो आणि कार्ड उलट्या बाजूला वळतं. दरवर्षी असं होत राहिलं की पापुद्र्याला भेगा पडतात. स्लॅबखालचा माळा आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट या दोन्ही जागा वाईट. आधी मऊ पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मग कडक पारदर्शक कव्हर, मग झाकणाचा डबा, असा क्रम ठेवावा. डब्यात सिलिका जेलची पुडी फक्त पावसाळ्यात, उन्हाळ्यात काढून घ्यावी. जुन्या पीव्हीसी अल्बमची पानं उष्णतेनं चिकट होऊन शाई ओढतात. त्यात ठेवलेली कार्डं जोरानं ओढू नयेत, पानाची कड कात्रीनं कापून ती मोकळी करावीत.

आणि रबर. बहुतेक गठ्ठे रबर लावून ठेवलेले असतात. सोलापूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत ते वितळून वरच्या-खालच्या कार्डाला चिकटतं आणि मधल्यांच्या कडांना खाच पाडतं. गठ्ठा मिळाला की वरचं कार्ड बघून निराश होऊ नये, मधली आधी पाहावीत.