रुसून आलेली आणि रुसून बसलेली

ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फुटतो, तुकड्यांसाठी झोंबाझोंबी होते आणि पालखी परत फिरते. हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण त्याच नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालूही येतो, आणि मग दोन वेगवेगळ्या रुसव्यांची भेसळ होते. बाहेरगावचा पाहुणा तर हमखास गोंधळतो. देवी रागावून टेकडीवर जाऊन बसली, म्हणून नवऱ्यानं साडी पाठवली, असं काहीतरी ऐकून तो गाडीत बसतो. म्हणून ही थोडी उजळणी.

पहिला रुसवा नवरा-बायकोचा. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, विष्णूनं उलट त्यांचेच पाय चेपले, आणि त्याच छातीवर राहणारी लक्ष्मी या अपमानानं घर सोडून करवीरला, म्हणजे कोल्हापूरला आली. विष्णू तिला शोधत खाली उतरला, वेंकटगिरीवर राहिला, पद्मावतीशी लग्न केलं, त्यासाठी कुबेराचं कर्ज काढलं. तिरुपतीच्या हुंडीत पैसा टाकणारा प्रत्येक जण तेच कर्ज फेडायला हातभार लावतो, अशी समजूत आहे. पहिली बायको इकडे, नवरा तिकडे. तिरुपती करून आलं की कोल्हापूर केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे यातूनच आलं. भक्त जातात-येतात, ते दोघं मात्र भेटत नाहीत.

दुसरा रुसवा दोघी देवींमधला, आणि तो अस्सल इथला. कोल्हासुराच्या मुलानं, कामाक्षानं, योगदंडाच्या बळावर सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, त्याला मारून सगळ्यांना सोडवलं. मग विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं तिलाच बोलवायचं राहिलं. ती उठली, गावाबाहेर पूर्वेला टेकडीवर गेली आणि गावाकडे पाठ करून बसली. अंबाबाईच्या ध्यानात आल्यावर ती लवाजमा घेऊन स्वतः समजूत घालायला गेली. ज्याच्यासाठी जीव टाकला त्यानं साधं जेवायला बोलवू नये, हे दुःख कुठल्याही एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईला फोड करून सांगावं लागत नाही.

आता खरा गुंता. रुसून आलेली ही देवी लक्ष्मी आहे का? म्हणजे तिला महालक्ष्मी म्हणायचं की अंबाबाई? नुसत्या नावाचा वाद वाटतो, पण या एका शब्दावरून गेल्या काही वर्षांत गावात मोर्चे निघालेत, बैठका झाल्यात, पाट्यांवरून भांडणं झालीत.

अंबाबाई म्हणणाऱ्यांचा मुद्दा मूर्तीवरून सुरू होतो. कॅलेंडरवरच्या लक्ष्मीच्या हातून नाणी गळतात, मागे हत्ती असतात, पायाखाली कमळ असतं. इथल्या मूर्तीच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मागे सिंह आहे. विष्णुपत्नीला सिंह कशाला? शिवाय मस्तकावर नाग, लिंग आणि योनी ही चिन्हं सांगितली जातात. म्हणून तर २०१५ मध्ये मूर्तीचं रासायनिक संवर्धन झाल्यावर मस्तकावरच्या नागाचं काय झालं, यावरून एवढं रान उठलं. बाहेरच्याला वाटेल, एका नागासाठी एवढं काय? पण तो नाग म्हणजे देवी कुणाची बायको नाही याचा पुरावा होता. १९५५ मध्ये मूर्तीवर वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप झाला होता, तेव्हापासून मूर्तीच्या झिजेची चर्चा अधूनमधून होतच होती. २०१५ नंतर मात्र झीज मागे पडली आणि ओळख पुढे आली.

महालक्ष्मी म्हणणाऱ्यांकडेही कागद आहेत, आणि ते बरेच जुने आहेत. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षानं प्रजेवरचं संकट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं, असं संजानच्या ताम्रपटात आहे. तो ताम्रपट शके ७९३ चा, म्हणजे इ.स. ८७१ चा. ती महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे इथले शिलाहार राजे आपल्या बिरुदांत महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवून घेत. तेव्हा महालक्ष्मी हे नाव कुणीतरी अलीकडे घुसडलं, ही आंदोलनातली घोषणा टिकत नाही.

पण म्हणून ती बालाजीची बायको ठरते, असंही नाही. इथंच दोन्ही बाजूंची गल्लत होते. दुर्गासप्तशतीच्या शेवटी जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मी सगळ्यांच्या आधीची आहे, त्रिगुणात्मक आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश ही तिच्यापासून पुढची उतरंड. तिच्या हातांत काय काय आहे, तर मातुलुंग म्हणजे म्हाळुंग, गदा, खेट म्हणजे ढाल, आणि पानपात्र. डोक्यावर नाग, लिंग, योनी. म्हणजे कोल्हापूरची मूर्ती जशीच्या तशी. तिथं तिचं नाव महालक्ष्मीच आहे आणि तिथं ती कुणाचीही पत्नी नाही. शब्द एक, देवी दोन. मला विचाराल तर भांडण ‘महालक्ष्मी’ या शब्दाशी नाही, तिला लावलेल्या सासरच्या आडनावाशी आहे. जैन परंपरा तिला पद्मावती म्हणते (बालाजीची पद्मावती नव्हे), तो धागा वेगळाच आणि या भांडणात सहसा कुणी ओढत नाही.

हा वाद वर आणला तो मात्र एका घागऱ्यानं. जून २०१७ मध्ये मूर्तीला घागरा-चोळी नेसवली गेली आणि गाव खवळलं. काठाची साडी नेसणारी आपली आई, तिला हे काय नेसवलं, असा साधा सरळ राग होता. त्यातून पुजाऱ्यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा प्रश्न आला, पगारी पुजारी नेमा अशी मागणी आली, आणि त्याच्या मागोमाग महालक्ष्मी की अंबाबाई हा प्रश्नही सभेच्या व्यासपीठावर चढला. तिरुपतीचा शालू हा पतीनं पाठवलेला शालू म्हणून मिरवू नका, असंही ठणकावून सांगितलं गेलं. २०१८ मध्ये विधिमंडळानं मंदिरासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच्या नावात ‘करवीर निवासिनी महालक्ष्मी’ आहे आणि कंसात ‘अंबाबाई’. हजार वर्षांचा गुंता एका कंसात बसवणं हे सरकारी कारकुनालाच जमावं.

शालूची गोष्ट शास्त्रात बसत नाही, हे मान्य. तरी ती मरत नाही. का मरत नाही, हे रांगेत उभं राहिलं की कळतं. पूर्व दरवाजाच्या रांगेत पुढे-मागे तीन तास काढले की बायका बोलतात. एकीचा नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टी. एकीचा आखातात. एक नांदायला न जाता माहेरीच राहिलेली. ती कारण सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. हातातल्या परडीत खण, नारळ, हळकुंड, तांदूळ. नवरा येत नाही पण दरवर्षी न चुकता साडी पाठवतो, म्हणजे तो विसरलेला नाही, एवढंच त्या गोष्टीतून त्यांना हवं असतं. प्राधानिक रहस्यातली त्रिगुणात्मक परमेश्वरी त्यांना कुणी समजावून सांगितली, तर त्या ऐकतील, मान डोलावतील आणि शालू कुठल्या रंगाचा आला ते विचारतील. त्या शालूचा पुढे लिलाव होतो, तो भाग या गोष्टीत सहसा सांगितला जात नाही.

एक कडवट गोष्टही याच संदर्भात नोंदवायला हवी. सौंदत्तीची रेणुका मार्गशीर्ष पौर्णिमेला विधवा होते आणि माघ पौर्णिमेला पुन्हा सवाष्ण, अशी पाळणूक आहे. कोल्हापूरकर त्या यात्रेला गाड्या भरून जातात, परतल्यावर कोल्हापुरातल्या ओढ्यावरच्या रेणुकेला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य होतो. मोठी चवदार यात्रा आहे. पण त्याच देवीच्या नावानं पोरी सोडल्या गेल्या, जट आली म्हणून, नवस फेडायचा म्हणून. श्रद्धेचा आधार घरच्यांना मिळाला आणि त्याची किंमत पोरीनं भरली. देवदासींच्या प्रश्नावर १९७५ मध्ये परिषद भरली ती याच जिल्ह्यात, गडहिंग्लजला. राज्याचा स्वतंत्र कायदा यायला २००५ उजाडलं. देवीच्या विरहाचं कौतुक करताना हे गाळलं, तर ती नुसती गोडगोड कथा होते.

जुन्या काळाबद्दल आणखी थोडंच. परचक्राच्या धास्तीनं मूर्ती मंदिरातून हलवून पुजाऱ्याच्या घरात लपवून ठेवली होती. १७१५ च्या विजयादशमीला ती पुन्हा गाभाऱ्यात बसवली गेली, असं सांगतात. मधल्या काळात लोक कुठं बघून हात जोडत असतील? २०२० साली याचं उत्तर अनपेक्षितपणे मिळालं. मार्चमध्ये मंदिर बंद झालं ते थेट १६ नोव्हेंबरला, पाडव्याला उघडलं. मधलं नवरात्र दाराबाहेर गेलं. महाद्वारासमोर चपला काढून, बंद दाराकडे बघून लोक नमस्कार करत आणि ‘आई, येतो’ म्हणून पुढं जात. ललिता पंचमीची भेट तेव्हाही चुकली नाही. पालखी खांद्यावरून न जाता सजवलेल्या वाहनातून, मोजक्या माणसांत गेली.

तसा न पोचण्याचाही इथं उत्सवच होतो. किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वारातून येऊन पहिल्या दिवशी पायांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यापर्यंत जायला हवीत. नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीतले ते दिवस. ढग आडवा येतो, धुरळा येतो, महाद्वार रोडकडच्या इमारती आडव्या येतात. मग दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की किरणं कमरेपर्यंत येऊन लुप्त झाली. अडथळ्यांची मोजणी होते, तेवढ्यात पुढचा किरणोत्सव येतो. लोक पुन्हा जाऊन उभे राहतात.

माझी थोरली आत्या मात्र या कशालाच फारशी जायची नाही. तिचं दैवत टेंबलाई. आत्याची सुपारी फुटली होती, लग्नाचा दिवस ठरला होता आणि मग ते सगळं मोडलं. कुणामुळे, हे घरात कधी निघालं नाही. ती माहेरीच राहिली, वडिलांच्या दुकानाचं हिशेबाचं काम चाळीस वर्षं केलं. अंबाबाईला गेलं की काहीतरी मागावं लागतं, टेंबलाईकडे नुसतं बसता येतं, असं तिचं म्हणणं. पंचमीला ती त्या झोंबाझोंबीत कधी शिरली नाही. गर्दी पांगल्यावर पायाखाली राहिलेला कोहळ्याचा एखादा तुकडा ती उचलायची, पदरानं पुसायची आणि घरी आणून देव्हाऱ्यात ठेवायची. तो वाळून बोटाएवढा व्हायचा.

पंचमीपेक्षाही तिला आषाढ जास्त आवडायचा. आषाढात पंचगंगेला नवं पाणी येतं. ते घागरी-कळशांत भरून, सजलेल्या पोरींच्या डोक्यावरून, पी ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाईला नेतात आणि देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. गल्लीगल्लीची आपापली यात्रा. पोरी लहान असतात, पुढं काय काय मनासारखं होणार नाही याची त्यांना अजून कल्पना नसते. माणसाची ओढ आणि पावसानं दिलेली ओढ, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द आहे. एका वर्षी पावसानं अशी ओढ दिली की आषाढ अर्धा सरला तरी नदीचं पाणी गढुळलं नव्हतं. गल्लीतल्या थोरल्यांनी दोन मंगळवार वाट पाहिली आणि मग ठरवलं की आहे त्याच पाण्यात कळशा भरायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असेन. डोक्यावर कळशी, कळशीत निवळशंख जुनं पाणी. मी घाबरून आत्याला विचारलं, देवी रागवंल की, हे नवं पाणी न्हाई.

आत्यानं माझ्या डोक्यावरची चुंबळ नीट केली.

‘आसू दे चल,’ ती म्हणाली, ‘तिला कुठं दिसतंय? पाठ करून बसलीया न्हवं ती.’