खान्देशी हातकागद

खान्देशातल्या एरंडोल आणि यावल या गावांत पूर्वी हाताने बनवला जाणारा जाडाभरडा देशी कागद. तो करणारे कारागीर मुस्लिम, त्यांना कागदी किंवा कागझी म्हणायचे आणि पुढे तेच आडनाव झालं. वह्या, चोपड्या, दप्तरं यासाठी हा कागद कसा वापरात होता ते कुणाला सांगायची गरज नाही. जुन्या घरातली मोडी कागदांची गाठोडी ज्यांनी सोडली असतील त्यांना त्या कागदाचा वास लगेच आठवेल.

हा कागद जिथे बनायचा त्या जागेला कागदाची गिरणी म्हणायची सवय पडलीय पण तो शब्द इथे फसवतो. युरोपात गिरणी म्हणजे पाण्यावर फिरणारं चाक आणि त्या चाकाने उचलले जाणारे हातोडे. खान्देशात नदी कागदाला लागायची ती चाक फिरवायला नाही, धुवायला. पाणी वळवायचं ज्ञान नव्हतं असं अजिबात नाही, पांझरेवरचे फड बंधारे आणि त्यांचे पाट शेकडो वर्षं पिकं भिजवत आलेत, आणि शेजारी औरंगाबादेत तर पाणचक्की आहे, पण ती धान्य दळायची. कागदाचा लगदा कुटायचं काम मात्र माणसाच्या पायावरच राहिलं. माझ्या मते याचं कारण नद्यांमध्येच आहे. एरंडोलच्या अंजनीसारखी नदी पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात डोहांपुरती उरते, तिच्या भरवशावर बारमाही चाक कोण बसवणार?

काम साधारण असं चालायचं. जुनी गोणपाटं, ताग, दोरखंडाचे तुकडे बारीक कापायचे, चुन्याच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजवायचे, मग खड्ड्यात टाकून कुटायचे. कुटायला लाकडी लांब दांडा, एका टोकाला जड डोकं, दुसऱ्या टोकावर पाय देऊन उचलायचा नि सोडायचा. कुटलेला माल फडक्यात घेऊन नदीत धुवायचा, परत चुना, परत कुटाई, परत नदी, असं बरेच वेळा. चुना पूर्ण निघायला हवा म्हणून सगळा जीव या धुण्यात. नंतर लगदा हौदात सोडून गवताच्या काड्यांची छापरी, म्हणजे चटईसारखी चाळणी, बुडवून उचलायची, पाणी गळतं आणि वर ताव राहतो. तावांची चळत दाबून पाणी काढायचं, एकेक ताव चुनखडीने गुळगुळीत केलेल्या भिंतीला चिकटवून वाळवायचा, वर खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचं. घोटलं नाही तर बोरूची शाई फुटते. २४ तावांचा एक दस्ता.

धुवायला निवळ पाणी हवं आणि वाळवायला ऊन हवं, पावसाळ्यात दोन्ही नाही, भर उन्हाळ्यात पाणी नाही. म्हणजे कामाचा खरा हंगाम दिवाळीनंतरचाच धरायला हवा.

हा धंदा इथे कुठून आला यावर एकमत नाही. कागद हा शब्द फारसीतून आलाय यात वाद नाही, पण शब्द आला म्हणजे कारागीर त्याच वाटेने आले असं होत नाही. एक वाट दौलताबादची, मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी तिकडे हलवली आणि जवळच कागझीपुरा हे कागद्यांचं गाव वसलं ते आजही आहे. दुसरी वाट गुजरातची, अहमदाबादी कागद मोठा नावाजलेला आणि खान्देश तर सुरत-बुऱ्हाणपूर मार्गावरच. तिसरी खान्देशच्या फारुकी सुलतानांची, त्यांची सत्ता १३८२च्या आसपासपासून १६०१मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत होती आणि दरबार म्हटलं की कागद लागणारच. मला दौलताबादची वाट जास्त पटते, अजिंठ्याचा घाट उतरलं की खान्देशच. पण तिन्ही वाटांनी थोडे थोडे लोक आले असतील तर त्यातही नवल नाही.

उतरण मात्र नीट दिसते. १८६०च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळकडे आली आणि तिच्यासोबत गिरणीचा स्वस्त कागद. याच सुमारास ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री चार्ल्स वुड यांच्या काळात सरकारी कागद विलायतेतूनच घ्यायचं धोरण आलं. देशी कागदाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी दप्तर, तेच गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एरंडोलात हा धंदा थोडाफार उरला होता अशी नोंद इंपीरियल गॅझेटियरमध्ये आहे. १९३४मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याने हातकागदाला परत हात दिला, आणि १९३६च्या फैजपूर काँग्रेसचं ग्रामोद्योग प्रदर्शन तर यावल तालुक्यातच भरलं होतं.

जुना ताव ओळखायचा तर खिडकीशी उजेडात धरावा. छापरीच्या काड्यांच्या बारीक समांतर रेघा दिसतात, मधेच न कुटलेल्या तागाचा पिवळसर धागा असतो, बोट फिरवलं तर घोटलेली बाजू गार आणि गुळगुळीत लागते, आणि कडा कसरीने खाल्लेल्या असतात कारण खळ तिलाही आवडते.