बी.एड. म्हणजे पहिली ते बारावी मोकळं रान नव्हे

इंदूरच्या मराठी घरांत मुलगी ग्रॅज्युएट झाली की सल्ला ठरलेला: "बी.एड. करून टाक गं, कुठल्याही वर्गाला शिकवता येईल." अर्धवट खरं आहे हे, आणि अर्धवटच जास्त नडतं.

शिक्षकांची पात्रता ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं होतं. 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि त्याची पदविका डी.एल.एड., असं न्यायालयाचं म्हणणं. मला ते पटतं. पहिलीतल्या पोराला 'क' गिरवायला लावणं एम.ए.च्या टिपणांतून येत नाही.

मध्य प्रदेशात भरतीची भाषा आहे वर्ग 1, 2, 3. इथे आकडा उलटा चालतो, नवखा हमखास फसतो. वर्ग 3 म्हणजे प्राथमिक, तिथे डी.एल.एड. हवं. बी.एड. कामी येतं वर्ग 2, म्हणजे माध्यमिकला (इथे सहावी ते आठवी). वर्ग 1, म्हणजे उच्च माध्यमिकला (नववी ते बारावी), त्याच्या जोडीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवीही लागते. शिवाय पात्रता परीक्षा द्यावी लागते ती निराळीच.

आणि ग्रॅज्युएशनला 50 टक्के नसले म्हणून रडू नका: एम.ए.ला तेवढे असले तरी एनसीटीईच्या नियमांत बी.एड.ला अर्ज करता येतो.