खानदेशातील रेताड व चोपण जमिनींची सुधारणा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील पाणी न धरणाऱ्या रेताड जमिनी आणि पाणी न सोडणाऱ्या चोपण जमिनी लागवडीयोग्य करण्याच्या पद्धती. दोन्हींची दुखणी परस्परविरुद्ध असल्याने एकीचा उपाय दुसरीला चालत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोटे-वाळूचा पट्टा आहे. भूजलशास्त्रात त्याला ‘बझाडा’ म्हणतात. भूजल पुनर्भरणाला तो उत्तम, पण वरच्या शेतात ओल टिकत नाही. नदीकाठच्या वाळूसर जमिनीतही पाण्याबरोबर नत्र खाली निघून जाते. म्हणून खत एकदम न देता थोडेथोडे, ठिबकातून द्यावे. शेणखत आणि धरण-तलावांतला गाळ घातल्यास ओल धरण्याची ताकद वाढते. भुईमूग आणि टरबुजाला अशी हलकी जमीन मानवतेच. वाळू म्हणजे नापीक, ही समजूत खरी नाही.

चोपण जमीन अधिक चिवट. मातीच्या कणांना सोडियम चिकटला की कण फुटून विखुरतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच साचते. अशी माती ओली असताना निसरडी आणि वाळल्यावर दगडासारखी होते. शेतावर ओळखायची तर मातीचे सुके ढेकूळ ग्लासभर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात न ढवळता ठेवावे. काही तासांनीही पाणी गढूळच राहिले, तर चोपणाचा संशय घ्यावा. खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते: सामू (pH, आम्ल-विम्लतेचे माप) ८.५ हून अधिक आणि विनिमयक्षम सोडियम (कणांना चिकटलेल्या, बदलता येणाऱ्या घटकांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांहून अधिक. क्षारयुक्त जमीन वेगळी. तिच्यात क्षारता (विद्युतवाहकतेवरून मोजलेली) ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक असते, उन्हाळ्यात पांढरी पापडी येते आणि निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने क्षार धुतले की ती बरीच सुधारते.

चोपणाला जिप्सम लागते. त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो आणि सुटलेला सोडियम पाण्यासोबत वाहून जातो. तो जायला वाट हवी, म्हणून आधी चर काढावेत. निचरा नसताना टाकलेले जिप्सम बहुतांशी वाया जाते. मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. जमीन चुनखडीयुक्त असेल तर गंधकही चालते; जिवाणूंच्या क्रियेने त्याचे आम्ल होऊन चुनखडीतला कॅल्शियम मोकळा होतो. धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा. चोपणात तगणारे हिरवळीचे पीक म्हणून त्याला पहिला मान. ओल धरून ठेवणारा गाळ मात्र इथे टाकू नये, ते पैसे मोजून दुखणे विकत घेणे होईल.

चुनखडीयुक्त जमिनीत केळीची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. शेणखतात मुरवलेले फेरस सल्फेट द्यावे. क्षारट पाण्यावरच्या ठिबकात क्षार ओल्या भागाच्या कडेला साचतात. पावसाच्या हलक्या सरीने ते पुन्हा मुळांकडे ढकलले जातात, म्हणून अशा पावसातही ठिबक बंद करू नये.