केनिया २०१७ : प्राथमिक निवेदन आणि नमुना ३४-अ

केनियात १९९२ साली बहुपक्षीय निवडणूक परतली आणि तिच्याबरोबर परदेशी निरीक्षकही आले. डिसेंबर २००७ मध्ये निकाल जाहीर होताच हिंसाचार उसळला. अकराशेहून अधिक माणसे मारली गेली, लाखोंना घरदार सोडावे लागले. निरीक्षकांनी तेव्हा मतांच्या बेरजेवर उघड शंका घेतली होती. पुढे मात्र शांततेत पार पडलेले मतदान म्हणजेच चांगली निवडणूक, असे मानण्याकडे कल वाढला.

८ ऑगस्ट २०१७ ला मतदान झाले. प्रमुख निरीक्षक पथकांची प्राथमिक निवेदने १० तारखेला आली, अध्यक्षपदाचा निकाल ११ तारखेला. खरा गुंता इथेच आहे. निरीक्षकांच्या लेखी 'प्राथमिक' म्हणजे त्या घटकेपर्यंत जे पाहिले तेवढेच. बेरीज अजून सुरू आहे, असे निवेदनांत नमूदही होते. पण ऐकणाऱ्यांनी त्याचे प्रशस्तिपत्र केले आणि विजयी बाजूने ते पुढे न्यायालयात पुरावा म्हणून मांडले.

वाद मतदानाच्या रांगांचा नव्हताच, निकालाच्या कागदाचा होता. मोजणी संपली की केंद्राध्यक्ष आणि पक्षांचे प्रतिनिधी नमुना ३४-अ वर, म्हणजे त्या केंद्राच्या निकालपत्रावर, सह्या करतात. एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवतात. त्यावरून मतदारसंघाच्या बेरजेचा ३४-ब, त्यावरून राजधानी नैरोबीत देशभराच्या बेरजेचा ३४-क. प्रत्यक्षात निवडणूक आयोगाच्या पडद्यावर आकडे धावत होते, पण हजारो केंद्रांचे ३४-अ निकालाच्या वेळीही हाती नव्हते. दारावरचा तो कागद पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहण्याआधी कौतुकाची घाई करायला नको होती.

१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीबाबत असे पहिल्यांदाच घडले. खरा विजेता कोण, हे न्यायालयाने सांगितले नाही. निकाल पाठवण्याची आणि पडताळण्याची पद्धत घटनेला व कायद्याला धरून नव्हती, असे म्हटले. निरीक्षकांच्या अंतरिम अहवालांवरून निकालाचे प्रेषण खरे ठरत नाही, हेही सुनावले. २६ ऑक्टोबरच्या फेरनिवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला. मतदान ४० टक्क्यांच्याही खाली राहिले.

२०२२ मध्ये ३४-अ च्या प्रती सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकल्या गेल्या. वृत्तसंस्थांनी, सामान्य नागरिकांनी स्वतः बेरजा केल्या. विजेत्याला ५०.४९ टक्के मते मिळाली. निवडणूक आयोगाच्या सातपैकी चार आयुक्तांनी तो निकाल नाकारला, तरी ५ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.